मारफर्डची घरं बघायची कशी

वेल्समध्ये रेक्सहॅमहून चेस्टरकडे जाताना मारफर्ड लागतं, तिथे नुसते फोटो काढून निघू नका, एकच घर निवडा आणि नीट बघा. आधी हे डोक्यात ठेवा की हे गाव ट्रेव्हॅलिन इस्टेटचं, म्हणजे घरं जमीनदाराच्या इस्टेटीने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुळांसाठी बांधली, म्हणून सगळी एकाच घराण्यातली वाटतात.

मग खिडक्या बघा! वरचं टोक आधी बाहेर आणि मग आत वळत निमुळतं होतं, ती गॉथिक ओजी कमान. भिंतीही कुठेकुठे गोलाकार वळतात आणि छपराची कड खिडकीवर भुवईसारखी उचललेली असते. शेतावरच्या माणसांच्या घरांवर एवढी नजाकत, मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं.

काही घरांवर क्रॉस दिसतील, ते भुताला रोखायला लावले असं गावात सांगतात, ती दंतकथा म्हणूनच ऐका.

नंतर जमलं तर शेजारच्या रॉसेटचा ट्रेव्हॅलिन हॉल, १५७६ चा, बाहेरून बघा. आणि हो, मारफर्डच्या घरांत लोक राहतात, रस्त्यावरूनच बघा. जायच्या आधी कॅडू (Cadw) या वेल्श वारसा संस्थेच्या लिस्टेड, म्हणजे कायद्याने जपलेल्या, इमारतींच्या ऑनलाइन नोंदी वाचून घ्या.