कोकणात आर्द्रता मोजताय? या चुका टाळा

आंब्याचा मोसम आला की, आणि पुन्हा आषाढात काजूगर मऊ पडायला लागले की, मला फोन सुरू होतात. तक्रार ठरलेली: "मीटर बिघडलंय." जाऊन बघावं तर मीटर बहुतेक वेळा धड असतं. त्याची निगा मात्र कोणी राखलेली नसते. आपल्या किनारपट्टीवर दमट हवा आणि खारा वारा दोन्ही एकदम आहेत, त्यामुळे घाटावर खपून जाणारा आळस इथे खपत नाही.

सगळ्यांत महागात पडणारी चूक वातीची. ड्राय बल्ब आणि वेट बल्ब अशी थर्मामीटरची जोडी अजूनही खूप ठिकाणी वापरतात, आणि ती नीट ठेवली तर फार विश्वासाची आहे. वेट बल्बवरच्या मलमलीच्या वातीतून पाणी उडतं, म्हणून त्याचा पारा खाली उतरतो. तो किती उतरला यावरूनच कोष्टकात आर्द्रता बघायची. आता किनाऱ्यालगतचं विहिरीचं किंवा बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ. ते वातीखालच्या वाटीत ओतलं की पाणी उडून जातं आणि क्षार वातीत साचतात. वात कडक होते, पाणी वर चढत नाही, पारा पुरेसा उतरत नाही आणि कोष्टक खऱ्यापेक्षा जास्त आर्द्रता दाखवतं.

देवगडकडे एका बागायतदारांच्या आंबा पिकवायच्या खोलीत हेच झालं होतं. हापूसची साल सुरकुतत होती, फळ वजनाला उतरत होतं. काका हैराण. "कोष्टकात तर ९१ येता, मग आंबो सुकता कसो?" खोलीत २० अंश, वेट बल्ब १९. पिकवणीला ९० ते ९५ टक्के आर्द्रता लागते, म्हणजे कागदावर सगळं ठीक, आणि म्हणून पाण्याचं धुकं सोडणारा फॉगर बंद ठेवलेला. मी वात चिमटीत धरली तर ती करकरली. वरच्या टोकाला पांढरा थर धरला होता. नवी वात चढवली, डिस्टिल्ड वॉटर घातलं, समोर छोटा पंखा लावला. थोड्या वेळात वेट बल्ब साडेसतरावर आला. खरी आर्द्रता ७८ टक्के! दीड अंशाच्या चुकीने १३ टक्के खाल्ले होते, आणि त्या पेट्यांचं नुकसान काही भरून आलं नाही.

माझी पद्धत सांगतो. नवी मलमल साबणाने धुऊन उकळून घ्यायची, खळ पूर्ण गेली पाहिजे. बल्बभोवती एकच पदर, घट्ट. वात दर सोमवारी बदलायची, वारा फार खारा असेल तर त्याआधी. पाणी फक्त डिस्टिल्ड, बॅटरीच्या दुकानात मिळतं ते. "फिल्टरचं चालेल ना?" असं प्रत्येक नवखा विचारतो. नाही चालत. एका बाटलीचे पैसे वाचवून आंब्याची पेटी घालवण्यात कसली हुशारी? पंखाही टाळू नका, कारण कोंडलेल्या हवेतही वेट बल्बचा पारा पुरता उतरत नाही. आणि वात चढवण्याआधी दोन्ही थर्मामीटर कोरडे शेजारी ठेवून बघा. तेव्हाच आकडे जुळत नसतील तर पुढचं सगळं व्यर्थ आहे.

काही चुका एका ओळीत सांगण्यासारख्या. एसी गाडीतून काढलेलं मीटर लगेच वाचू नका, त्यावर दव धरतं. अर्धा तास थांबा. एसीच्या झोताखाली किंवा उन्हाने तापलेल्या पत्र्याच्या भिंतीवर मीटर टांगू नका. केसाच्या आर्द्रतामापकातल्या केसांना बोट लावू नका, बोटाचं तेल त्यांना लागतं. गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, रंग आणि थिनरच्या वाफेत डिजिटल मीटर ठेवू नका, त्याचा सेन्सर बिघडतो. डीएचटी११ नावाचा स्वस्त सेन्सर २० ते ८० टक्क्यांपर्यंतचाच आहे आणि तोही पाच टक्के इकडे तिकडे. ज्या किनाऱ्यावर जुलैत ९० सहज ओलांडतात, तिथे तो घेऊन काय करणार?

डिजिटल मीटर घेतलं की त्याची मिठाची चाचणी घ्यायची, आणि इथे दुसरी मोठी चूक होते. मीठ आणि पाण्याचं दाट मिश्रण बंद डब्यात मीटरसोबत ठेवलं की आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते, तापमान २५ असो की ३०. चाचणी बिनखर्चाची आहे, पण लोक घरातलं खडे मीठ घेतात. खडे मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात. पावसाळ्यात बरणीला पाणी सुटतं ते मुख्यतः त्यांच्यामुळेच. त्याने डब्यातली आर्द्रता ७५ च्या खाली राहते, आणि माणूस चांगल्या मीटरचा आकडा उगाच बदलून ठेवतो. पाकिटातलं बारीक मीठ घ्या. बाटलीच्या झाकणात भरून थेंब थेंब पाणी घाला, ओल्या वाळूसारखं दिसेपर्यंत. मीठ पूर्ण विरघळलं तर चाचणी फुकट. मग डबा सावलीत रात्रभर ठेवायचा. तासाभरात झाकण उघडून बघणाऱ्यांनी ही चाचणी करूच नये, कारण उघडलं की बाहेरची हवा आत आणि सगळं पहिल्यापासून.

शेवटची चूक वाचण्याची. ऑक्टोबरात पहाटे २४ अंशांना ९५ टक्के आणि दुपारी ३२ अंशांना ६० टक्के दिसले की लोक म्हणतात, दुपारी हवा सुकली. सुकली नाही. हवेत बाष्प जवळपास तेवढंच आहे, फक्त हवा तापली. गोदामात २७ अंशांना ७० टक्के आणि बाहेर ३२ ला ६०, म्हणून दारं सताड उघडली, असं मी कितीदा बघितलंय. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव धरतं ते तापमान; बाष्प जास्त तर तो वर. त्या वेळी आतला दवबिंदू २१ अंशांच्या आसपास असतो आणि बाहेरचा २३ च्या, म्हणजे उघड्या दारातून ओलावाच आत येतो. दार उघडण्याआधी टक्के बघू नका, दोन्हीकडचा दवबिंदू काढा. बाहेरचा कमी असेल तरच उघडा.