पोलीस ठाण्यात तिच्यासोबत जाताना

लैंगिक अत्याचार झालेल्या बाईसोबत दवाखान्यात, पोलीस ठाण्यात जाणं हे माझं काम. कुणी तुम्हाला येऊन सांगितलं तर आधी ऐका. "एवढ्या रात्री तिकडे कशाला गेलीस?" हे तोंडातून येऊ देऊ नका.

दवाखान्याची घाई करा. एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. सरकारी असो वा खासगी, उपचार मोफत द्यावेच लागतात. "आधी एफआयआर आणा" म्हणता येत नाही. मात्र दवाखाना पोलिसांना कळवतो, हे तिला आधीच सांगा. घटनेच्या वेळचे कपडे पुरावा असतात, ते कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये ओल धरते. आंघोळ झाली असली तरी जा. तपासणी तिच्या संमतीनेच. टू फिंगर टेस्ट, म्हणजे योनीत दोन बोटं घालून केलेली तपासणी, करणं हे गैरवर्तन आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलंय.

ठाण्यात "हद्द आमची नाही" हे ऐकावं लागतंच. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घेतलेली एफआयआर, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. तसं सांगणारं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ कागदावर लिहून न्या. तक्रार महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची. सहीआधी ओळ न् ओळ वाचा. ती तपशील सांगते आणि कागदावर नुसतं "गैरकृत्य केले" उतरतं, हे मी फार पाहिलंय. तिचेच शब्द लिहायला लावा. एफआयआरची प्रत मोफत मिळते, घेतल्याशिवाय उठू नका.

मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला उत्पन्नाची अट नाही. महाराष्ट्रात मनोधैर्य योजनेचं अर्थसाहाय्यही तिथेच विचारा. आणि तिचं नाव, फोटो व्हॉट्सॲपवर कुठेही टाकू नका, तो गुन्हा आहे.