गाजणारी हेवीवेट लढत वेळेत होईल का, हे आधीच कसे ओळखावे

पुण्यात व्यावसायिक मुष्टियुद्ध पाहणाऱ्यांचा वर्ग छोटा आहे, पण चिकाटीचा आहे. लंडन किंवा रियाधमधली मुख्य लढत आपल्याकडे रविवारी पहाटे अडीच-तीनच्या सुमारास सुरू होते आणि लास वेगासमधली सकाळी साडेआठ-नऊला, त्यामुळे झोपमोड सोसून पाहणाऱ्यांचाच हा खेळ. या प्रेक्षकांना सर्वाधिक सतावणारा प्रश्न एकच असतो: दोन सर्वोत्तम हेवीवेट (सर्वांत जड वजनी गटातले मुष्टियोद्धे) ऐन उमेदीत समोरासमोर का येत नाहीत? ‘अमुक घाबरला’ हे ठरलेले उत्तर मला अन्यायकारक वाटते. थांबण्यात लढत भरवणारा प्रमोटर, ती दाखवणारी वाहिनी आणि किताब देणारी संघटना या प्रत्येकाला आपला फायदा दिसत असतो. नुकसान होते ते खेळाडूच्या शरीराचे, आणि ते कोणत्याही करारात लिहिलेले नसते. त्यामुळे लढतीची बातमी आली की खेळाडूंची वक्तव्ये बाजूला ठेवावीत आणि पुढील गोष्टी तपासाव्यात.

सर्वप्रथम, जोड लावण्याचा अधिकार कोणाकडे आहे ते पाहावे. जत्रेच्या कुस्ती मैदानात कमिटी जोड लावते, इनाम आधी जाहीर होते आणि पैलवान लंगोट कसून आखाड्यात उतरतो. हौशी मुष्टियुद्धातही तसेच आहे. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये घडणाऱ्या मुष्टियोद्ध्याला स्पर्धेत प्रतिस्पर्धी निवडता येत नाही, सोडतीत जो येईल त्याच्याशी लढावे लागते. 1988 च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत लेनॉक्स लुईस आणि रिडिक बोव समोरासमोर आले ते याच पद्धतीने, आणि लुईसने दुसऱ्या फेरीत लढत संपवली. पुढे दोघेही व्यावसायिक झाले आणि दोघेही शिखरावर पोहोचले. परंतु 1992 च्या अखेरीस बोवने डब्ल्यूबीसी या किताब देणाऱ्या संघटनेचा पट्टा (विजेतेपदाची खूण) लंडनमध्ये कचऱ्याच्या डब्यात टाकला, तो किताब लुईसकडे गेला आणि व्यावसायिक रिंगणात त्यांची गाठ कधीच पडली नाही. जोड लावणारी एक सत्ता नसली की असे होते, म्हणून ‘ही लढत लावण्याचा अधिकार एकाच हाती आहे का’ या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर दिरंगाई गृहीत धरावी.

त्यानंतर दोघे कोणत्या वाहिनीशी बांधलेले आहेत ते शोधावे. लुईस आणि माइक टायसन यांच्या लढतीचे भिजत घोंगडे कित्येक वर्षे पडून राहिले, त्यामागे हे मोठे कारण होते. लुईस एचबीओचा, तर टायसन शोटाइमचा. दोन्ही वाहिन्या एकमेकींच्या कट्टर स्पर्धक. त्याआधी 1996 मध्ये लुईस डब्ल्यूबीसीच्या पट्ट्यासाठी टायसनचा अनिवार्य आव्हानवीर (ज्याच्याशी विजेत्याला लढावेच लागते असा) होता, पण टायसनला आधी ब्रूस सेल्डनशी लढता यावे म्हणून लुईसच्या गटाने 40 लाख डॉलर घेऊन बाजूला होणे मान्य केले. पुढे टायसनने तो पट्टाच सोडून दिला. ‘बाजूला होण्याचे पैसे’ हा शब्दप्रयोग बातमीत दिसला की सावध व्हावे, कारण त्याच क्षणी लढत किमान एका वर्षाने लांबली असे समजण्यास हरकत नसते. अखेर 2002 मध्ये दोन्ही वाहिन्यांनी एकत्र प्रक्षेपण करण्याचे मान्य केले. तरीही अडथळे संपले नाहीत: जानेवारीत न्यूयॉर्कच्या पत्रकार परिषदेत हाणामारी झाली, नेवाडा राज्याने टायसनला परवाना नाकारला आणि लढत मेम्फिसला गेली. 8 जून 2002 रोजी लुईसने आठव्या फेरीत टायसनला बाद केले, तेव्हा लुईस 36 वर्षांचा होता आणि टायसन छत्तिशीच्या उंबरठ्यावर. लुईस तेव्हाही उत्तम होता. टायसनकडे मात्र पहिली फेरी संपल्यानंतर देण्यासारखे फारसे उरलेले दिसले नाही, आणि ते पाहताना मला आजही वाईट वाटते.

तिसरी तपासणी करारांची, आणि येथे घाई करू नये. सही झाली म्हणजे लढत ठरली, हा समज सर्वात फसवा आहे, कारण नव्या करारापेक्षा जुन्या करारातील एखादे कलम भारी पडू शकते. 16 मे 2021 रोजी टायसन फ्युरीने अँथनी जोशुआविरुद्धची लढत 14 ऑगस्टला सौदी अरेबियात होणार असल्याचे स्वतः जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतील लवादाने निर्णय दिला की डिऑन्टे वाइल्डरला फ्युरीशी तिसऱ्यांदा लढण्याचा हक्क आहे. त्यांच्या आधीच्या करारात पुन्हा लढण्याचे कलम होते आणि ते संपुष्टात आले असे फ्युरीच्या बाजूने मानले होते. पुढचे सारे एका धाग्याने ओढल्यासारखे घडले. जोशुआला डब्ल्यूबीओ या दुसऱ्या संघटनेच्या अनिवार्य आव्हानवीराशी, म्हणजे ओलेक्सांद्र उसिकशी लढावे लागले, 25 सप्टेंबरला तो गुणांवर हरला आणि पट्टे गमावून बसला. फ्युरीने ऑक्टोबरमध्ये वाइल्डरला हरवले खरे, पण तोवर जोशुआकडे आणण्यासारखे पट्टेच राहिले नव्हते. 2024 संपेपर्यंत ती लढत झालेली नव्हती, आणि तोवर फ्युरी उसिककडून दोनदा, तर जोशुआ डॅनियल डुबॉइसकडून पाचव्या फेरीत नॉकआउट होऊन हरला होता. म्हणून बातमी वाचताना तीन प्रश्न विचारावेत: मागच्या प्रतिस्पर्ध्याशी पुन्हा लढण्याचे कलम शिल्लक आहे का, किताब देणाऱ्या चार प्रमुख संघटनांपैकी कोणी अनिवार्य लढतीचा आदेश दिला आहे का, आणि ती भरवण्याच्या हक्कासाठी प्रमोटरांनी बोली लावण्याची तारीख जाहीर झाली आहे का. यांपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ असेल, तर जाहीर झालेली तारीख कच्ची मानावी.

मधल्या लढतीकडे दुर्लक्ष करू नये. मोठी लढत ‘पुढच्या वर्षी’ ठेवून आधी एक सोपा प्रतिस्पर्धी घेण्याची सवय प्रमोटरांना असते, पण हेवीवेटमध्ये सोपा प्रतिस्पर्धी असा नसतोच, कारण एक ठोसा पुरतो. 2018 मध्ये जोशुआकडे तीन पट्टे होते, वाइल्डरकडे चौथा, दोघेही अपराजित होते आणि वाटाघाटी पैशांच्या वाटणीवर व प्रक्षेपणावर फिसकटल्या. 1 जून 2019 रोजी न्यूयॉर्कमध्ये, उत्तेजक चाचणीत अडकलेल्या खेळाडूच्या जागी ऐनवेळी आलेल्या अँडी रुइझने जोशुआला चार वेळा खाली पाडले आणि सातव्या फेरीत हरवले. डिसेंबर 2023 मध्ये रियाधला जोशुआ आणि वाइल्डर एकाच रात्री वेगवेगळे लढले, पुढे त्यांना भिडवण्याचा बेत होता. जोशुआ जिंकला आणि वाइल्डर जोसेफ पार्करकडून हरला.

दुखापतीची गोष्ट वेगळी, तिथे कोणाचाच इलाज नसतो. 17 फेब्रुवारी 2024 ला ठरलेली फ्युरी–उसिक लढत सरावात फ्युरीच्या डोळ्याजवळ जखम झाल्याने 18 मेपर्यंत पुढे गेली, इतकेच. मात्र पुढे ढकललेला काळ मोकळा असतो आणि त्यात काहीही शिरू शकते. नोव्हेंबर 1991 ची टायसन–होलीफिल्ड लढत बरगडीच्या दुखापतीमुळे लांबली, पुढे टायसनला बलात्काराच्या गुन्ह्यात तुरुंगवास झाला आणि ती झाली थेट नोव्हेंबर 1996 मध्ये.

लढत खरोखर होणार असल्याची खूण पैशांच्या बाजूने मिळते. एकच पैसे देणारा सर्वांचे समाधान करू शकत असेल आणि वाटणीचा वाद उरत नसेल, तर गाडी लवकर मार्गी लागते. 8 मार्च 1971 च्या जो फ्रेझियर–मुहम्मद अली लढतीत दोघांना प्रत्येकी 25 लाख डॉलर ठरले होते, त्यामुळे कोणाला किती टक्के हा प्रश्नच आला नाही. फ्रेझियर 27 वर्षांचा होता, अली 29 वर्षांचा आणि दोघेही अपराजित. अलीकडे फ्युरी आणि उसिक यांना एका रिंगणात आणण्याचे कामही सौदीच्या पैशाने केले. त्याबरोबर तिकीटविक्री सुरू झाली का आणि स्थानिक आयोगाने परवाना दिला का, हेही पाहावे. तिकिटे विकली जाईपर्यंत मी स्वतः गजर लावत नाही.

शेवटी, उमेद सरली का हे केवळ जन्मतारखेवरून ठरवू नये. हेवीवेट उशिरा पिकतात: जॉर्ज फोरमन 1994 मध्ये 45 व्या वर्षी विजेता झाला, उसिकने फ्युरीला हरवले तेव्हा तो 37 वर्षांचा होता. ठोशाची ताकद दीर्घकाळ टिकते, पाय आणि प्रतिक्षेप आधी जातात. त्यामुळे खेळाडूच्या मागच्या तीन लढती पाहाव्यात आणि तो ठोसा चुकवताना कंबरेतून वाकतो की केवळ हात वर घेऊन सोसतो, दोरांपासून बाजूला किती वेगाने सरकतो, उत्तरार्धात त्याचे जॅब (पुढच्या हाताचे झटपट सरळ ठोसे) कमी होतात का, हे तपासावे. लढत झालीच नाही किंवा फार उशिरा झाली, तर दोघांचा एखादा समान प्रतिस्पर्धी शोधून दोन्ही लढती लागोपाठ पाहाव्यात. फ्युरी आणि जोशुआ यांच्यासाठी तो व्लादिमिर क्लिच्को आहे: नोव्हेंबर 2015 मध्ये फ्युरीने ड्युसेलडॉर्फला त्याला गुणांवर हरवले आणि एप्रिल 2017 मध्ये वेम्बलीत जोशुआने स्वतः खाली पडून, पुन्हा उठून, अकराव्या फेरीत त्याला थांबवले.