योरुबा परंपरेत ओरिशाला अर्पण कसे करावे

नैर्ऋत्य नायजेरिया आणि शेजारच्या बेनिन देशात वसलेल्या योरुबा समाजाच्या पारंपरिक धर्मात देण्याआधी विचारावे लागते. ओलोदुमारे हा सर्वोच्च ईश्वर असला तरी त्याची देवळे नसतात आणि त्याला थेट बळीही देत नाहीत. माणसाचा रोजचा संबंध येतो तो ओरिशा या देवतांशी, आणि त्यांपैकी कोणाला, कशासाठी, काय द्यायचे हे इफा या पारंपरिक कौल-पद्धतीतून ठरते. म्हणून बाजारातून साहित्य आणून मग पुजाऱ्याला गाठणे हा उलटा क्रम होय.

पहिले काम म्हणजे बाबालावोकडे, अर्थात इफाच्या दीक्षित पुजाऱ्याकडे जाणे. ‘अबोरू, अबोये’ असे त्याला अभिवादन करावे आणि आपला प्रश्न नोटेला किंवा नाण्याला कुजबुजत सांगून ते पैसे त्याच्यापुढे ठेवावेत; प्रश्न काय आहे हे त्याला सांगण्याची गरज नसते. तो आठ अर्धबियांची ओपेले ही साखळी टाकतो, किंवा प्रसंग मोठा असल्यास 16 ताडबिया हातात घेऊन एका हाताने दुसऱ्या हातातील बिया झटकन उचलतो. मागे एक बी उरली तर फळीवरील भुकटीत दोन रेघा ओढायच्या, दोन उरल्या तर एक, आणि असे आठ वेळा साधले की 256 ओदूंपैकी, म्हणजे रेघांच्या आकृतींपैकी, एक ओदू सिद्ध होतो. मग त्या ओदूचे श्लोक म्हटले जातात. ज्या कथेत आपली अडचण दिसेल तिथे पुजाऱ्याला थांबवून तसे सांगावे, कारण एबो, म्हणजे अर्पणाचे विधान, त्या कथेतच असते.

साहित्य जमवताना देवतेला काय चालते यापेक्षा काय चालत नाही हे आधी पाहावे. माझ्या मते सारी खबरदारी इथेच घ्यायची असते. सृष्टिरचनेचे काम सोपवलेला ओबाताला हा ओरिशा ताडी पिऊन झोपी गेला आणि ते काम ओदुदुवाने इले-इफे या योरुबांच्या पवित्र नगरात पूर्ण केले, अशी कथा आहे. म्हणून ओबातालाच्या जवळपासही ताडी नेऊ नये. त्याला पांढरे वस्त्र आणि मोठी गोगलगाय आवडते, मात्र त्याचे अन्न मीठ व लाल पामतेल न घालता शिजवतात. लोखंडाचा स्वामी ओगुन याला ताडी, भाजलेला याम कंद आणि कुत्रा देतात. मेघगर्जनेचा देव शँगो ओयो या योरुबा राज्याचा राजा होता असे मानतात. त्याला मेंढा आणि ओरोग्बो हे कडू कोला (एक प्रकारची बी) चालते, पण इतरत्र सर्रास वापरले जाणारे साधे कोला त्याला वर्ज्य आहे. देवांचा निरोप्या एशू याला लाल पामतेल प्रिय, तर ताडबीच्या गरापासून काढलेले काळपट तेल त्याच्यापुढे नेणे म्हणजे भांडण ओढवून घेणे. नदीची देवी ओशुन हिला मध द्यावा. गुलामांबरोबर ही परंपरा क्यूबालाही पोहोचली, पण तिथल्या अर्पणाच्या याद्या इथे उपयोगी पडत नाहीत. तिथे कौलासाठी कोलाऐवजी नारळाचे तुकडे वापरू लागले, इतका फरक पडला आहे.

देवता कोणतीही असो, एशूचा वाटा आधी काढावा. अर्पण पोहोचवणारा तोच आहे. त्याच्या ओबडधोबड जांभ्या दगडावर पामतेल ओतले जाते, आणि हा भाग राहिला तर पुढचे सारे अडते असे जाणकार मानतात.

प्रत्यक्ष विधीत प्रथम जमिनीवर थंड पाणी शिंपडून देवतेला व पूर्वजांना हाक मारतात, स्तुतिपर ओरिकी म्हणतात आणि इच्छा सांगतात. उपस्थितांनी प्रत्येक प्रार्थनेनंतर ‘अशे’ (तथास्तु) म्हणावे. त्यानंतर ओबी आबाता या चार पाकळ्यांच्या कोलाने कौल घेतात. दोनच पाकळ्या निघणारे गबांजा कोला यासाठी चालत नाही. पाकळ्या जमिनीवर टाकल्यावर दोन उताण्या व दोन पालथ्या पडल्या तर होकार समजतात, आणि चारही उताण्या पडल्या तर तोही शुभ मानतात. चारही पालथ्या पडल्यास नाराजी समजावी. अशा वेळी काय राहिले हे विचारून ते पुरे करावे आणि पुन्हा कौल लावावा. हवे ते उत्तर मिळेपर्यंत नुसत्या पाकळ्या टाकत राहणे हा मात्र पोरखेळ आहे.

अर्पण कुठे ठेवायचे हेही इफाच सांगतो: तिठ्यावर, झाडाच्या बुंध्याशी किंवा नदीकाठी. नायजेरियातील ओशोग्बो येथील ओशुनच्या उपवनाला 2005 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. तिथे ऑगस्टमधील उत्सवात आरुग्बा ही कुमारिका साऱ्या गावाचे अर्पण डोक्यावर घेऊन नदीकडे जाते, तेव्हा पाहुण्यांनी तिची वाट अडवू नये. आभारासाठी केलेल्या अर्पणाचे मांस शिजवून सर्वांना वाटतात आणि तिथे जेवणे योग्यच ठरते. संकट टाळण्यासाठी केलेले अर्पण मात्र कोणी खात नाही. ते सांगितलेल्या जागी ठेवून परतावे.