आधी फोनपाशी बसा: कोकणात छोट्या व्यावसायिकांसाठी वेबसाइटचं काम सुरू करताना

कॉलेज संपलंय, लॅपटॉप आहे, मुंबई-पुण्याला जायचं नाही, इथेच राहून वेबसाइट आणि ऑनलाइन मार्केटिंगची कामं घ्यायची आहेत, असं सांगणारे बरेच फोन मला येतात. प्रश्न ठरलेला असतो: "ताई, आधी काय शिकू, वर्डप्रेस की कोडिंग?" दोन्ही शिका (वर्डप्रेस म्हणजे कोड न लिहिता वेबसाइट उभारायचं तयार साधन). पण पहिल्या गिऱ्हाइकाकडे जाल तेव्हा लॅपटॉप पिशवीतच राहू द्या आणि एखादी दुपार त्यांच्या फोनपाशी बसून काढा. या धंद्यात मी जे काही शिकले, त्यातलं सगळ्यात उपयोगी हेच.

तारकर्लीच्या बाजूला एका वहिनींचं निवास-न्याहारीचं घर आहे. त्यांचं काम घेतलं तेव्हा मी पडवीत वही घेऊन बसले आणि आलेले फोन नुसते ऐकले. गाडी अंगणापर्यंत येते का? समुद्र चालत किती लांब? सासूबाईंना जिना चढवत नाही, तळमजल्यावर खोली मिळेल का? आम्ही दोघं शाकाहारी, आमचं वेगळ्या भांड्यात शिजवाल का? गरम पाणी किती वाजेपर्यंत? सुरमईचं ताट केवढ्याला, आणि लहान मुलाचं अर्धं ताट मिळतं का? ट्रेनने आलो तर उतरायचं कुठे, कुडाळला की कणकवलीला? वहिनी प्रत्येकाला तीच उत्तरं, त्याच क्रमाने, न कंटाळता देत होत्या. मधेच माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ह्यां सगळां लिवन टाक गो, माजो घसो तरी वाचतलो."

वेबसाइटचा मजकूर त्या वहीतूनच तयार झाला. पहिल्या पानावर सर्वात वर अंगणात उभ्या गाडीचा फोटो आणि खाली एक ओळ: गाडी दारापर्यंत येते, समुद्र चालत पाच मिनिटं. "निसर्गरम्य परिसरात वसलेले" हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक लॉजच्या पानावर सापडतं, पण ते विचारायला कोणी फोन करत नाही. तळमजल्यावरच्या खोलीबद्दल करतात.

देवगडच्या बागायतदारांकडे हाच प्रकार वेगळ्या रूपात दिसतो. एप्रिलमध्ये पार्सलं सुटली की दोन दिवसांत फोन सुरू होतात: "काका, आंबे हिरवेच आलेत!" आता हापूस तयार झाल्यावर कच्चाच उतरवतात, पेंढ्यात अढी लावून पिकवतात आणि दूर पाठवायचा तर हिरवा असतानाच पेटी भरतात, हे आपल्याला घरात बघून माहीत असतं. ठाण्यातल्या चौथ्या मजल्यावर पेटी उघडणाऱ्या माणसाला ते माहीत नसतं. त्याला वाटतं, फसवलं. म्हणून आंब्याच्या प्रत्येक वेबसाइटवर मी एक पान यासाठीच ठेवते: पेटी आली की उघडा, पेंढ्यावर एका थरात पसरा, फ्रिजमध्ये ठेवू नका, वास सुटला आणि साल किंचित सुरकुतली की कापा. सोबत हिरव्यापासून पिवळ्यापर्यंतचे फोटो, त्याच बागेतल्या आंब्याचे. पार्सल सुटलं की याच पानाची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवायची. तक्रारीचे फोन कमी होतात, आणि पुढच्या वर्षी तेच गिऱ्हाईक परत येतं. जाहिरातीवर पैसे घालण्याआधी हे करा.

जीआयचं, म्हणजे ठरावीक भागातल्या मालाला मिळणाऱ्या भौगोलिक मानांकनाचं म्हणाल तर हापूसला ते मानांकन २०१८ साली मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. त्यामुळे बागायतदाराने स्वतः अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली आहे का, हे विचारल्याशिवाय त्याच्या पानावर जीआयचं चिन्ह डकवू नका. आगळ, आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी विकणाऱ्या ताईंच्या पानावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, चौदा आकडी क्रमांक दिसेल असा ठेवा. अनोळखी माणसाला आगाऊ पैसे पाठवताना लोक घाबरतात, आणि खोटी पानं करून बुकिंगचे पैसे उकळणारे आहेत, त्यामुळे ती भीती रास्त आहे. मालकाचं नाव, चेहरा, यूपीआयवर दिसणारं नाव आणि व्यवसायाचं नाव यांचा मेळ बसला पाहिजे.

गूगल बिझनेस प्रोफाइलचं, म्हणजे गूगल नकाशावर दिसणाऱ्या व्यवसायाच्या नोंदीचं काम वेबसाइटच्याही आधी करा. ते फुकट आहे आणि बहुतेक गिऱ्हाइकं आधी नकाशावरच येतात. व्यवसायाचं पाटीवर असेल तेच नाव द्या. नावापुढे "मालवणमधील सर्वोत्तम स्वस्त होमस्टे" असं शेपूट लावणं गूगलच्या नियमात बसत नाही, प्रोफाइल बंद पडू शकतं. पडताळणीसाठी हल्ली बरेचदा व्हिडिओ मागतात: रस्ता, पाटी, आतली जागा, कुलूप उघडणारा मालक. शांतपणे, रेंज असेल अशा वेळी करा. आपल्याकडचा खरा घोळ पत्त्याचा. वाडीचं नाव, पोस्टाचं गाव आणि तालुका यावरून नकाशा कुठेही नेऊन सोडतो. पिन घराच्या दारावर बसवा आणि प्लस कोड, म्हणजे गूगल नकाशा पत्त्याऐवजी देतो तो छोटा संकेतांक, पानावर लिहा. पूर्ण कोड साधारण चौदा मीटरच्या चौकोनापर्यंत नेतो. मग फोन लावून बघा की गूगल गाडीला पाणंदीतून तर नेत नाही ना.

कोकणातल्या पानांना पावसाळा सांभाळावा लागतो. मे संपता संपता स्कूबा, बोटी, किल्ल्याची फेरी बंद होते, ती थेट सप्टेंबरला उघडते. तेवढ्यात प्रोफाइलवर "तात्पुरते बंद" लावायचं आणि उघडल्यावर लगेच काढायचं, नाहीतर दोनशे किलोमीटर गाडी चालवून आलेला माणूस खाली एक तारा देऊन जातो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्या दिवसांत "रोज ताजी सुरमई" हे वाक्य खाणावळीच्या पानावर नको. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, तेव्हा पानावर गाडीच्या वेळा छापू नका, स्टेशनचं नाव आणि तिथून रिक्षा मिळते का, एवढं पुरे. आपल्याला मात्र पाऊस हाच कामाचा काळ. मालकांना वेळ असतो, आंब्याचे पैसे हातात आलेले असतात. गुढीपाडव्याला पेट्या विकायच्या तर पान दिवाळीपर्यंत उभं हवं, कारण नवीन पान गूगलच्या शोधात रुळायला महिने जातात.

आता मराठी मजकुराबद्दल, कारण यात फार हयगय होते. छापखान्यातून मिळालेला पत्रकाचा मजकूर बरेचदा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतो. तो वेबसाइटवर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा चिखल होतो. तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या मराठी अक्षरांत बदलून घ्या आणि नंतर ओळ न् ओळ वाचा, रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडलेली असतात. पत्रकाचा फोटोच पान म्हणून चढवणं हा उपाय नाही. फोटोतला मजकूर शोधात नीट येत नाही आणि मोबाइलवर वाचता येत नाही. फॉन्ट 'मुक्त' (Mukta) किंवा 'बलू' (Baloo) या नावाचा घ्या. दोन्ही मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेले आहेत, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात. देवनागरीला वर वेलांट्या, खाली उकार, म्हणून दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, मी अक्षराच्या आकाराच्या १.७ पट धरते. आणि अक्षरांमधलं अंतर कधीही वाढवू नका. इंग्रजी शीर्षकाला ते शोभतं, मराठीत शिरोरेखा तुटते आणि शब्द विस्कटतो. वर्डप्रेसच्या विकतच्या बऱ्याच थीममध्ये (तयार साच्यांमध्ये) हे अंतर आधीच घातलेलं असतं, शोधून शून्य करा.

फोटो मोबाइलवर काढले तरी चालतात, सकाळच्या उन्हात, खोली आवरून. पण फोनमधून आलेली चार-पाच एमबीची फाइल तशीच चढवू नका. रुंदी सोळाशे पिक्सेल, वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात दोनशे केबीच्या आत. घाटात रेंज येत-जात असताना गिऱ्हाईक पान उघडतं, हे लक्षात ठेवून स्वतःच्या घरच्या वायफायवर नाही, एसटीत बसून पान तपासा.

जाहिराती थोडक्यात: फेसबुक-इन्स्टाग्रामवर गाव निवडू नका, गिऱ्हाईक राहतं ती शहरं निवडा. मुंबई, ठाणे, पुणे, मालवणसाठी कोल्हापूर आणि बेळगावसुद्धा. दिवसाला अगदी लहान रक्कम लावून, फोन किती आले हे मालकाच्या वहीत लिहायला सांगा. लाइकवरून काही कळत नाही. आणि रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत देऊ नका, गूगलला ते चालत नाही.

सगळ्यात कडक नियम मी मालकीबाबत पाळते. डोमेन (वेबसाइटचं नाव-पत्ता), होस्टिंग (वेबसाइट ठेवायची भाड्याची जागा), गूगल प्रोफाइल, फेसबुक पेज, सगळं मालकाच्या ईमेलवर, मालकाच्या मोबाइल नंबरवर आणि मालकाच्याच कार्डातून. आपण फक्त मॅनेजर. वेबसाइट करून देणारा मुलगा नोकरीला लागला, फोन उचलेनासा झाला आणि डोमेन त्याच्या नावावर म्हणून आठ वर्षांचं नाव सुटलं, असे व्यावसायिक मी पाहिले आहेत. ही माणसं पुन्हा कुणावर विश्वास ठेवत नाहीत, आणि त्याचा फटका नव्याने येणाऱ्या तुम्हाला बसतो. डोमेन घेताना नाव फोनवर सांगून बघा, समोरच्याने "व्ही की डब्ल्यू?" असं विचारलं तर दुसरं नाव शोधा.

पैशांचं पहिल्याच दिवशी कागदावर लिहा. डोमेन-होस्टिंगचा खर्च वेगळा, तुमची मजुरी वेगळी, वर्षभराची देखभाल वेगळी. अर्धे आधी, उरलेले पान सुरू झाल्यावर. बागायतदार "सीझननंतर देतो" म्हणाले तर तारीख ठरवून हो म्हणा, ते खरंच देतात. नात्यातल्या माणसाचं काम फुकट करायचं असेल तर पूर्ण फुकट करा, अर्धवट पैशांत दोघांचंही मन कडू होतं.

शिकण्यासाठी एमडीएन आणि फ्रीकोडकॅम्प या वेबसाइट पुरेशा आहेत, दोन्हीला पैसे लागत नाहीत. एचटीएमएल, सीएसएस या पानं लिहायच्या भाषा हाताने लिहून शिका, म्हणजे वर्डप्रेसची थीम बिघडल्यावर हात थरथरणार नाहीत. गूगलचं सर्च कन्सोल पहिल्या दिवसापासून जोडा. लोक तुमचं पान कुठल्या शब्दांनी शोधतात ते तिथे दिसतं, आणि त्यातले अर्धे प्रश्न तुमच्या वहीत आधीच लिहिलेले असतील. राहिलेले अर्धे घेऊन पुन्हा वहिनींकडे जा आणि उत्तरं विचारून पानात भरा.