गाडीच्या दाराची बिजागरी बदलण्याआधी

दार लावताना ते उचलून ढकलावं लागतंय, तर आधी दोष खरंच बिजागरीत आहे का ते पाहा. दार अर्धं उघडा, हँडलच्या बाजूनं खालून धरून वर-खाली हलवा आणि घरातल्या कुणाला तरी बिजागऱ्यांवर टॉर्च धरायला सांगा. पिन जागच्या जागी डुगडुगताना दिसली तर बुश, म्हणजे पिनीभोवतीची नळी, झिजलाय. बिजागरी घट्ट असून तिच्यामागचा पत्राच हलत असेल तर दार ज्याला टांगलेलं असतं तो बॉडीचा खांब गंजलाय. ते वेल्डिंगचं काम आहे, घरी हात घालू नका. स्ट्रायकर, म्हणजे दाराचा लॅच जिथं अडकतो तो बॉडीवरचा आकडा, खाली सरकवून दार लागतं करणारे बरेच भेटतील. त्यांचं ऐकू नका, झीज आतून वाढतच राहते.

मग बोल्ट शोधा. काही गाड्यांत बिजागरीचं एक पान बॉडीला वेल्डच केलेलं असतं, तिथं फार तर पिन आणि बुश बदलता येतात. काहींत पुढच्या दाराचे बोल्ट फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) उतरवल्याशिवाय हाताला लागत नाहीत. आपली गाडी कुठल्या जातीची आहे हे सामान आणण्याआधीच कळलेलं बरं. इंदुरात छोट्या ग्वालटोलीत स्पेअर पार्ट घ्यायला जाताना आरसीवरचा चेसिस नंबर आणि दोन्ही बिजागऱ्यांचे फोटो मोबाइलमध्ये असू द्या. काउंटरवर पहिला प्रश्न येतो, ‘ऊपर का कब्जा या नीचे का?’ कब्जा म्हणजे बिजागरीच. डावी-उजवीही वेगळी असते. बोल्ट नवेच घ्या.

पान्यांत 10, 12 आणि 13 नंबरचे सॉकेट काढून ठेवा. बोल्टच्या डोक्यात चांदणीसारखी खाच असेल तर टॉर्क्स बिटच हवा. तिथं ॲलन की घुसवली की खाच झिजते आणि बोल्ट ड्रिलनं काढायची वेळ येते. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्रीच मारा.

जागा सपाट हवी आणि दार पूर्ण उघडेल एवढी मोकळी. लोकमान्य नगरात घरापुढं अंगण असेल तर प्रश्नच नाही. राजवाड्यामागच्या गल्लीत राहत असाल तर गाडी कुणा नातेवाइकाकडे न्या, येत्या-जात्या दुचाकींमध्ये हे काम होत नाही. हँडब्रेक ओढा, चाकांना विटा लावा. काच खाली घ्या आणि त्यानंतरच बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

खरा वेळ खुणांना द्या. बोल्टची भोकं मुद्दाम मोठी ठेवलेली असतात, त्यामुळे बिजागरी थोडी इकडे-तिकडे सरकते आणि तेवढ्यानं दार फेंडरला घासू शकतं. म्हणून पातळ टोकाच्या मार्करनं बिजागरीच्या कडेनं खांबावर आणि दारावर पूर्ण रेघ काढा, बोल्टच्या डोक्यांभोवतीही. फेंडरच्या कडेला मास्किंग टेप लावा. पलीकडचं दार नीट असेल तर त्याच्या फटीत पुठ्ठ्याचे तुकडे घालून वर, मध्ये, खाली किती जाडी बसते ते लिहून घ्या. लोंबलेल्या दाराची फट मापून उपयोग नाही.

दाराचं वजन 20 ते 30 किलोपर्यंत भरू शकतं. खाली जॅक, त्यावर फळी, फळीवर जुनी गोधडी, आणि शिवाय एक माणूस दार धरायला. भाऊ असो वा भाचा, शेवटचा बोल्ट बसेपर्यंत त्यानं जागा सोडायची नाही हे आधीच ठरवा. दोन्ही बिजागऱ्या एकदम कधीच सोडू नका. एक बदलून बोल्ट बेताचे आवळले की मग दुसरी. असं केलं तर दार खाली उतरवावं लागत नाही आणि वायरिंगलाही हात लावावा लागत नाही. दार अडवणाऱ्या पट्टीची पिन काढावी लागलीच तर फेंडर आणि दाराच्या मध्ये उशी ठेवा.

पॉलिश पेपर, गंजरोधक प्रायमर आणि गाडीच्या रंगाची छोटी बाटली जवळ असू द्या. बिजागरी निघाली की मागचा उघडा पत्रा तिथल्या तिथे रंगवून वाळू द्यायचा. मॅन्युअलमधला बोल्टचा टॉर्क, म्हणजे तो किती जोरानं आवळायचा तो आकडा, कागदावर उतरवून ठेवा, पण दार हळूच लावून लॅच स्ट्रायकरच्या बरोबर मध्ये येतोय हे दिसेपर्यंत त्या आकड्यापर्यंत आवळू नका.