वाचनालयाचा कारभार नोंदवहीतून संगणकावर नेताना

गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत कपड्याने झाकून ठेवलेला एखादा संगणक हमखास आढळतो. तो देणगीतून किंवा अनुदानातून आलेला असतो, त्याच्या उद्घाटनाचा फोटो भिंतीवर असतो आणि त्याच्याच शेजारी बसून ग्रंथपाल लांबलचक नोंदवहीत पुस्तकांची देवघेव लिहीत असतात. यंत्र आले, पण काम करण्याची रीत बदलली नाही, असा हा प्रकार आहे. एका मध्यम आकाराच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर अनेक वर्षे काम करताना हा बदल एकदा फसलेला आणि एकदा जमलेला असा दोन्ही वेळा मला जवळून पाहता आला. त्या अनुभवाच्या आधारे, ज्यांच्या वाचनालयात हे काम सुरू व्हायचे आहे त्यांच्यासाठी हे टिपण लिहीत आहे.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, हा प्रश्न बहुतेक मंडळांच्या सभेत पहिला येतो. वास्तविक तो बराच नंतर यायला हवा. प्रथम मंडळातील एखाद्या सदस्याने सलग आठवडाभर संध्याकाळी देवघेवीच्या टेबलाशेजारी वही घेऊन बसावे आणि जे घडते ते फक्त लिहून काढावे. सभासदाचे पान शोधण्यात किती वेळ जातो, ‘हे पुस्तक कोणाकडे आहे’ असे किती जण विचारतात, किती वेळा त्याचे उत्तर मिळत नाही, वर्गणी थकलेली आहे हे केव्हा लक्षात येते, या गोष्टी टिपाव्यात. आमच्याकडे सर्वांची समजूत अशी होती की नोंद लिहिण्यातच वेळ जातो. वहीतून निघाले ते निराळेच. नोंद अर्ध्या मिनिटात होत होती. खरा खोळंबा होत होता तो परत आलेली पुस्तके कपाटात जाईपर्यंत ती टेबलावर आहेत की बाहेर आहेत, हे कोणालाच सांगता येत नसल्यामुळे. एकदा दुखणे कळले, की संगणकाकडून नेमके काय हवे आहे ते तीन-चार वाक्यांत लिहिता येते, आणि तीच वाक्ये पुढे सॉफ्टवेअर निवडताना कसोटी म्हणून उपयोगी पडतात.

ठराव आधी, संगणक नंतर

कर्मचारी बदलाला विरोध करतात, हे वाक्य मंडळाच्या सभांत फार सैलपणे वापरले जाते. आमच्या ग्रंथपाल बाई पहिल्या खेपेला या कामाबाबत सतत टाळाटाळ करीत होत्या आणि त्यांना संगणकाची भीती वाटते असे आम्ही गृहीत धरले होते. प्रशिक्षणाला पाठवले, तरी फरक पडला नाही. पुष्कळ दिवसांनी, चहा पिताना, त्यांनी खरे कारण सांगितले. त्या नोकरीला लागल्या तेव्हा त्यांच्या ताब्यात दाखल नोंदवहीतील, म्हणजे वाचनालयात आलेले प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन जिच्यात लिहितात त्या वहीतील, सर्व पुस्तके कागदोपत्री आली होती, परंतु प्रत्यक्ष मोजून कोणीच दिली नव्हती. संगणकावर एकेक पुस्तक चढू लागले, की न सापडणाऱ्या पुस्तकांची यादी आपोआप तयार होणार, आणि तिची भरपाई आपल्या पगारातून मागितली जाईल, ही त्यांची धास्ती होती. ती अगदी रास्त होती.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की संगणक विकत घेण्यापूर्वी कार्यकारी मंडळाने एक ठराव संमत करावा: अमुक तारखेपर्यंतच्या पडताळणीत गहाळ आढळणाऱ्या पुस्तकांची वैयक्तिक जबाबदारी सध्याच्या कोणत्याही कर्मचाऱ्यावर टाकली जाणार नाही, आणि अशी पुस्तके रीतसर बाद करण्याची कार्यवाही मंडळ स्वतः करील. पुस्तके बाद करण्याची रीत जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावी. ठराव सूचक-अनुमोदकांसह इतिवृत्तात नोंदवावा आणि त्याची प्रत कर्मचाऱ्यांच्या हातात द्यावी. तोंडी आश्वासनाचा येथे उपयोग होत नाही, कारण पुढच्या निवडणुकीत मंडळ बदलू शकते. आमच्याकडे हा ठराव झाल्यानंतरच्या आठवड्यात बाईंनी आपणहून कपाटांची क्रमवारी लावायला घेतली.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली आहे. १९८४च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांत यंत्रे येऊ लागली, तेव्हाही आमची खरी चिंता यंत्र कसे चालवायचे ही नव्हती. जुळत नसलेल्या जुन्या खात्यांचे खापर कोणावर फुटणार, ही होती. हे आठवायला मला वाचनालयात इतकी वर्षे लागली, याचे वाईट वाटते.

आधी मोजणी, मग नोंदणी

पडताळणी न करता दाखल नोंदवहीवरून थेट नोंदी करत सुटणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. साधा हिशेब मांडून पाहावा. वाचनालयात २०,००० पुस्तके असतील आणि एका पुस्तकाच्या नोंदीला सरासरी ३ मिनिटे लागत असतील, तर एकूण १,००० तास होतात. रोज ४ तास निव्वळ हेच काम केले, तरी २५० दिवस, म्हणजे सुट्ट्या धरता जवळजवळ दहा महिने लागतात. यांतील दोन-तीन हजार पुस्तके वाळवीने खाल्लेली, पाने सुटलेली किंवा अस्तित्वातच नसलेली असतील, तर एक ते दीड महिन्याची मेहनत भुतांची शिरगणती करण्यात जाते. कपाटासमोर एकाने पुस्तकावरील दाखल क्रमांक वाचावा, दुसऱ्याने नोंदवहीतील त्या क्रमांकावर पेन्सिलीने खूण करावी, आणि फाटक्या पुस्तकांत पिवळी चिठ्ठी घालून ती वेगळ्या घोडीवर ठेवावीत. पुढे नोंदीचे काम या चिठ्ठीवाल्या पुस्तकांना वगळूनच करायचे असते.

नोंदी कोणत्या क्रमाने कराव्यात, याबाबत मात्र दाखल क्रमांक १ पासून सुरुवात करण्याचा मोह आवरावा. पहिल्या काही हजार क्रमांकांतील पुस्तके अनेकदा कोणी मागतच नसतात, आणि त्यामुळे सहा महिने टंकलेखन करूनही टेबलावर काडीचा फरक दिसत नाही. मग उत्साह आटतो. त्याऐवजी जे पुस्तक परत येईल, ते कपाटात जाण्यापूर्वी संगणकावर चढवून त्यावर बारकोड चिकटवायचा, असा नियम करावा. वाचनालयाचा जो भाग खरोखर फिरता आहे, तो या पद्धतीने पहिल्या चार-सहा महिन्यांतच नोंदला जातो, आणि जे पुस्तक लोक मागतात ते संगणकावर सापडते, हा अनुभव सर्वांना लवकर येतो. न हलणारी कपाटे नंतर सवडीने घ्यावीत. बारकोडमध्ये नवा आकडा निर्माण करू नये, दाखल क्रमांकच छापावा. साधे यूएसबी बारकोड यंत्र कळफलकासारखेच चालते. ते फक्त आकडे टंकण्याचे काम करते, त्यामुळे ते बिघडले तर तोच क्रमांक हाताने टंकता येतो.

मराठी नोंदींचे नियम

आमचा पहिला प्रयत्न बुडाला तो येथे. उन्हाळ्याच्या सुट्टीत महाविद्यालयातील चार मुलांना पुस्तकामागे ठरावीक पैसे देऊन नोंदीला बसवले होते. मुले कष्टाळू होती, काम झपाट्याने झाले, आणि जूनमध्ये शोध घेऊन पाहिला तेव्हा एकाच लेखकाची पुस्तके सात निरनिराळ्या नावांखाली विखुरलेली निघाली. काही नोंदी तर युनिकोड (सर्व संगणकांवर सारखीच वाचली जाणारी अक्षरपद्धत) नसलेल्या जुन्या फाँटमध्ये केल्या होत्या, त्यामुळे दुसऱ्या संगणकावर त्या जागी निव्वळ रोमन अक्षरांची गर्दी दिसे. दोष मुलांचा नव्हता. आम्ही त्यांना नियमच दिले नव्हते.

म्हणून पहिली नोंद करण्यापूर्वी एका पानावर मावतील इतकेच नियम लिहून ते पान टेबलावर काचेखाली ठेवावे. सर्व नोंदी युनिकोडमध्येच करायच्या, हा पहिला नियम. लेखकाचे आडनाव आधी, मग नाव, हा दुसरा. टोपणनावांचा निर्णय एकदाच घ्यावा: कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर, आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर या जोड्यांपैकी मुखपृष्ठावर जे नाव असेल ते मुख्य नोंदीत ठेवायचे आणि दुसऱ्या नावाचा संदर्भ जोडायचा, ही पद्धत आम्हाला सोयीची पडली, कारण वाचक कधी एका नावाने विचारतो, कधी दुसऱ्या.

अक्षरांचा प्रश्न याहून चकवा देणारा आहे. ‘वाऱ्यावर’ हा शब्द संगणकावर दोन तऱ्हांनी उमटवता येतो: एक, खाली टिंब असलेला ‘ऱ’ वापरून, दुसरी, साधा ‘र’, त्याला हलन्त आणि पुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही शब्द अगदी सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते भिन्न असतात आणि एका प्रकारे टंकलेले दुसऱ्या प्रकारे शोधल्यास बऱ्याचदा सापडत नाही. ‘ॲ’चेही तसेच आहे, हे अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये २००८ साली आले, आणि ‘अ’वर चंद्र देऊन उमटवलेले त्याचे जुने रूप अजूनही अनेक कळफलकांवरून टंकले जाते. यावर उपाय साधा आहे: सर्व नोंदी एकाच मांडणीच्या कळफलकाने कराव्यात आणि वाऱ्या, दऱ्या, ॲ असे पाचसहा शब्द नमुन्यादाखल नियमांच्या पानावर कोणत्या कळा दाबायच्या त्यांसह लिहून ठेवावेत.

जुन्या ग्रंथांच्या शीर्षकांत १९६२च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे अनुच्चारित अनुस्वार असतात. शीर्षक छापले आहे तसेच नोंदवावे, आणि शोधासाठीच्या वेगळ्या रकान्यात आजच्या लेखनाप्रमाणे द्यावे. आयएसबीएनवरून, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय क्रमांकावरून, माहिती आपोआप भरण्याची सोय आकर्षक वाटते, परंतु जुन्या मराठी पुस्तकांवर तो क्रमांकच नसतो. तिच्यावर विसंबून वेळेचा अंदाज बांधू नये. वर्गांक, म्हणजे विषयवार क्रमांक, द्यायचा असल्यास ग्रंथालयांत रूढ असलेल्या ड्यूई वर्गीकरण पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ खाली येते: कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२ आणि कादंबरी ८९१.४६३. लहान वाचनालयाला इतके पुरते. त्याहून बारीक विभागणीच्या भानगडीत पडू नये.

सॉफ्टवेअरविषयी आता थोडक्यात. ‘कोहा’ हे न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी तयार झालेले, २००० सालापासून वापरात असलेले मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते विनामूल्य असले, तरी ते बसवून देणारा आणि अडचण आल्यास फोन उचलणारा जाणकार लागतो. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ‘ई-ग्रंथालय’ही आहे, आपल्या वाचनालयाला ते मिळू शकते का, याची चौकशी करावी. कोणतेही घेताना विक्रेत्याला एकच गोष्ट प्रत्यक्ष करून दाखवायला सांगावी: आपल्या सर्व नोंदी साध्या तक्त्याच्या रूपात बाहेर काढून द्याव्यात. जो ती टाळतो, त्याच्याकडून घेऊ नये.

नोंदवही बंद करण्याचा दिवस

काही काळ नोंदवही आणि संगणक या दोन्हींवर देवघेव लिहावी लागते. हा काळ कष्टाचा असतो, कारण काम दुप्पट होते, आणि म्हणून तो किती दिवसांचा हे सुरुवातीलाच ठरवून फलकावर लिहिले पाहिजे. सहा आठवडे पुरेसे आहेत. अंतिम तारीख नसली, की ‘अजून थोडे दिवस दोन्ही राहू द्या’ असे म्हणत वर्षे जातात, आणि घाईच्या संध्याकाळी संगणकाची नोंद राहून जाऊ लागते. तशा दोन-चार नोंदी राहिल्या, की संगणकावर कोणाचाच विश्वास उरत नाही. प्रारंभासाठी दिवाळीनंतरचे दोन महिने टाळावेत, कारण दिवाळी अंकांच्या योजनेत अंक भराभर फिरत असतात. मार्चअखेरही टाळावी, आणि मे महिन्यात मुलांची झुंबड असते. आम्ही जुलै निवडला. पावसामुळे गर्दी कमी होती, आणि नवशिक्या हातांना सवड मिळाली.

सभासदांना महिनाभर आधी सांगावे. वयोवृद्ध सभासदांना ओळखपत्र बाळगण्याची सक्ती करू नये. नावावरून त्यांची नोंद काढण्याची सवय टेबलावरच्या व्यक्तीला लावावी. एक काका रोज विचारीत, ‘आमचं पान कुठं गेलं?’ त्यांच्या नावाचे पान नोंदवहीत तीस वर्षे होते. त्यांनी नेलेल्या पुस्तकांची यादी पडद्यावर उघडून दाखवली, तेव्हा ते खुर्ची ओढून बसले आणि तिच्यातील दोन चुका त्यांनी दाखवून दिल्या.

वीज गेल्यावर काय करायचे, याचेही उत्तर तयार हवे. दाखल क्रमांक, सभासद क्रमांक आणि तारीख एवढेच रकाने असलेल्या कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा खणात ठेवावा आणि वीज आल्यावर त्याच दिवशी त्या चढवाव्यात. रोजच्या नोंदींची प्रत काढून ती वाचनालयाबाहेर, कार्यवाहांच्या घरी किंवा अन्य सुरक्षित जागी ठेवावी, आणि दर तीन महिन्यांनी ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडून पाहिलेली प्रत म्हणजे प्रत नाही.

देवघेवीची वही बंद झाली, तरी दाखल नोंदवही बंद करू नये. तपासणीला येणारे अधिकारी तीच मागतात, आणि प्रत्येक नवे पुस्तक तिच्यात हाताने लिहिलेच पाहिजे. तिच्या ‘शेरा’ या रकान्यात, पुस्तक संगणकावर चढले की, तारीख घालून सही करण्याची प्रथा आमच्या ग्रंथपाल बाईंनी सुरू केली. ही सूचना मंडळाची नव्हती. सहा महिन्यांनी मी पुन्हा आठवडाभर वही घेऊन टेबलाशेजारी बसलो, तेव्हा ‘हे पुस्तक कोणाकडे आहे’ या प्रश्नाचे उत्तर बाई पडद्याकडे पाहून देत होत्या. परत आलेली पुस्तके मात्र अजूनही कपाटात जायला दोन दिवस लागत होते, आणि त्यासाठी पुढच्या सभेत अर्धवेळ मदतनिसाचा विषय आम्ही कार्यक्रमपत्रिकेवर घेतला.